कधी दर आठवा नग बाद, कधी मध्येच दोन: इंडेक्सिंग मशीनच्या ऑफसेटला हात लावण्याआधी आठ वाट्या मांडा

पाच महिने हा घोळ आमच्याकडे चालला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमच्याकडे इंडेक्सिंग, म्हणजे एकेक घर पुढं सरकणाऱ्या, टेबलचं मशीन असेल आणि माप घटकेत वर, घटकेत खाली पळत असेल, तर आधी हे वाचा. ऑफसेट (माप जागेवर आणायला टूलची थांबायची जागा थोडी सरकवणं) कुठं पळून जात नाही.

आमचा गाळा सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. एका अंगाला टॉवेलचे लूम, दुसऱ्या अंगाला चादरीवाले, मध्ये आम्ही पितळ कापणारे. मुख्य काम फवारणी पंपाच्या नोझलच्या बॉडीचं. सांगोला-पंढरपूरकडं डाळिंबाचा बहार धरला की या नगाला उठाव येतो, आणि नेमकं तेव्हाच मशीन रुसतं.

मशीन म्हणजे आठ स्टेशनचं रोटरी इंडेक्सिंग एसपीएम, एकाच कामासाठी बनवलेलं खास मशीन. मधोमध गोल टेबल, त्यावर आठ फिक्स्चर (नग धरणाऱ्या पकडी), सभोवती उभी स्पिंडल युनिट (टूल फिरवणारी). पहिल्या स्टेशनवर ऑपरेटर तयार नग काढतो आणि कच्चा बसवतो. दुसऱ्यावर तोंड कापलं जातं, तिसऱ्यावर ड्रिल, चौथ्यावर सीट (सील बसायची जागा), मग रीमर, चॅम्फर, टॅप, बर (कडेचे धातूचे कंगोरे) काढणं. टेबल एक घर पुढं सरकलं की एक तयार नग हातात. सगळी स्टेशनं एकाच वेळी कापत असतात, म्हणून नगाला लागणारा वेळ म्हणजे सगळ्यांत सावकाश स्टेशनचा वेळ अधिक टेबल सरकायचा वेळ. आमचं गणित सात सेकंदांचं, तासाला पाचशेच्या आसपास नग.

या जातीच्या मशीनची खरी ताकद बघायची तर खिशातलं बॉलपेन काढा. टोकाची पितळी किंवा स्टीलची टिप, आत चेंडू बसायची वाटी, शाई यायच्या बारीक खाचा, हे सगळं असल्याच बहुस्टेशन मशीनवर होतं, आणि ती मशीनं बनवण्यात स्वित्झर्लंडचा हात धरणारं कोणी नाही. चीनसारख्या देशाच्या पंतप्रधानांनी २०१६ साली उघड खंत केली होती, की आम्हाला पेनची टिप धड बनवता येत नाही. टिपसाठी लागणारं स्टील तिथल्या एका कारखान्यानं जमवल्याची बातमी पुढच्या वर्षी आली. आमचं नोझल त्या मानानं ढोबळच म्हणायचं, तरी मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) भानगडी त्यालाही आहेत.

नगाची दोन मापं महत्त्वाची. एकूण लांबी २४.०० मिमी, अधिक-उणे ०.०५. आणि वरच्या तोंडापासून सीटची खोली १४.०० मिमी, अधिक-उणे ०.०३. सीटवर सील बसतं. खोली चुकली की नोझल गळतं आणि शेतकऱ्याच्या हातावर औषध येतं, म्हणून ग्राहक या मापाला अजिबात सवलत देत नाही.

तक्रार अशी होती. सकाळी सगळं छान. अकरा-साडेअकराला एखादा नग खोलीत बाद. सेटर (मशीन लावणारा कारागीर) ऑफसेट देणार. अर्धा तास बरा जाणार. मग उलट्या बाजूला बाद. परत ऑफसेट. दुपारपर्यंत चौथ्या स्टेशनच्या स्टॉपरची (टूल किती खाली थांबेल ते ठरवणाऱ्या अडणीची) इतकी फिरवाफिरव व्हायची की मूळ शून्य कुठं होतं ते कुणालाच आठवायचं नाही. त्यातच लांबीचेही नग अधूनमधून बाद, म्हणून दुसऱ्या स्टेशनचाही स्टॉपर हलवायचा. आणि दुसरा हलला की चौथ्यावरची खोली आपोआप बदलते, कारण खोली मोजायची ती दुसऱ्या स्टेशननं कापलेल्या तोंडापासून! म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं पाडायचं काम आम्ही रोज पगार देऊन करून घेत होतो.

या पाच महिन्यांत आम्ही काय काय बदललं ते सांगायलाही लाज वाटते. चौथ्या युनिटचे स्पिंडल बेअरिंग, दोन मेकची टूलं, पितळाचा पुरवठादार, एकदा तर सेटरसुद्धा. एक लॉट पुण्याकडून परत आला, साडेतीन हजार नग. शंभर टक्के तपासणी करून निम्म्याहून जास्त चांगले निघाले, पण ती तपासणी कुणी करायची? आमच्या मावशींनी.

मावशी आमच्या तपासणीच्या टेबलावर बसतात. त्याआधी त्यांनी बरीच वर्षं चादरीच्या कारखान्यात कापड तपासायचं काम केलंय. परत आलेल्या नगांचा ढीग बघून त्या मला म्हणाल्या, "दादा, ह्ये समदं एका टोपल्यात का टाकताव? चादरीत असा ढीग घातला असता तर मालकानं हाकललं असतं आमाला."

मग त्यांनी सांगितलं ते असं. चादरीत दोष दिसला तर तो कसा येतोय ते आधी बघायचं. उभी रेघ लांबवर जात असेल तर ताण्यातलं सूत बघा. आडवी पट्टी असेल तर बाण्यात बघा. नक्षीच्या दर फेरीत त्याच जागी तोच दोष येत असेल तर सुताला हात लावू नका, जॅकार्डचं कार्ड बघा. "ठरल्या जागी परत परत येतंय तर कार्ड. कुठंबी येतंय तर सूत. तुमचं कसं येतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. पाच महिन्यांत हा प्रश्न आम्ही मशीनला विचारलाच नव्हता. आमचे सगळे नग एकाच क्रेटमध्ये पडत होते, आणि क्रेटमध्ये पडला की नग मुका होतो. तो कुठल्या फिक्स्चरवर बसला होता, कितव्या मिनिटाला निघाला, त्याच्या मागं-पुढं कोण होतं, काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी घरून स्टीलच्या आठ वाट्या आणल्या (सौ.ची परवानगी न घेता, तो वेगळा विषय). ऑइलपेंटनं त्यांवर १ ते ८ आकडे टाकले. फिक्स्चरवर नंबर कोरलेले होतेच, नसतील तर आधी सेंटर पंचनं ठिपके मारून घ्या. ऑपरेटरला सांगितलं, ज्या फिक्स्चरमधून नग निघेल त्याच नंबरच्या वाटीत टाक. दहा फेऱ्या, ऐंशी नग. या वेळात कुणीही स्टॉपर हलवायचा नाही, बाद आला तरी. सेटरला हे सगळ्यांत अवघड गेलं. त्याचा हात शिवशिवत होता.

लांबीचा निकाल पाच मिनिटांत लागला. पाच नंबरच्या वाटीतले दहाच्या दहा नग साधारण ०.०६ नं लांब, बाकी सात वाट्या मापात. हेच ते मावशींचं कार्ड. पाच नंबरच्या फिक्स्चरमधलं, नग टेकतो ते पॅड झिजलं होतं. इथं एक गंमत लक्षात घ्या: पॅड झिजलं की नग आखूड होईल असं पहिल्यांदा वाटतं, होतो मात्र लांब. नग खाली बसतो, तोंड कापणारं टूल आपल्या ठरल्या उंचीला थांबतं, म्हणून धातू कमी कापला जातो. असा दर आठवा नग लांब यायचा आणि सेटर दुसऱ्या स्टेशनचा स्टॉपर खाली घ्यायचा. म्हणजे एका फिक्स्चरचं पाप सात फिक्स्चरांच्या माथी.

आणि अजून एक. पाच नंबरच्या नगांची खोली मात्र अगदी बरोबर होती. असायलाच हवी, कारण तोंड आणि सीट दोन्ही एकाच पकडीत कापले जातात. नग ०.०६ खाली बसला तर दोन्ही जागी तेवढाच खाली, वजाबाकीत फरक उडून जातो. हे कळलं तेव्हा माझी झोप उडाली, कारण त्याचा दुसरा अर्थ असा, की खोलीच्या गोंधळात फिक्स्चरचा दोष नव्हताच. पकडीत नग हलत असेल तर गोष्ट वेगळी, पण ते आम्ही नगाला मार्करनं रेघ मारून तपासलं होतं. हलत नव्हता.

खोलीचे बाद नग वाट्यांमध्ये कसेही विखुरलेले होते. एक तीनमध्ये, एक चारमध्ये, दोन सातमध्ये. म्हणजे सूत. पण कुठलं सूत? आणि इथं माझी एक चूक झाली. वाट्यांत टाकल्यावर फिक्स्चर कळलं, पण नगांचा क्रम गेला. दुसऱ्या दिवशी परत ऐंशी नग काढले. या वेळी टॉवेलच्या बॉक्सचा पुठ्ठा घेतला, त्यावर आठ उभे रकाने आणि दहा आडव्या ओळी आखल्या आणि प्रत्येक नग आपापल्या घरात ठेवला. तुम्ही थेट पुठ्ठ्यावरच जा. वाट्या दिसायला छान, पण पुठ्ठा जास्त बोलतो.

दुसरी गोष्ट, गो-नोगो गेज (नग पास की नापास एवढंच सांगणारा) बाजूला ठेवा. डायल लावलेला डेप्थ गेज घ्या आणि प्रत्येक नगाचा खरा आकडा लिहा. का ते आमच्या सातव्या ओळीवरून कळेल. मायक्रॉनमध्ये ती अशी होती:

+१, ०, +२, +३१, −१, −२२, ०, +१

गो-नोगोला यातला फक्त चौथा सापडतो, कारण तोच ३० च्या बाहेर. सहावा −२२ वर असल्यानं पास होतो आणि पुठ्ठ्यावर चांगला नग म्हणून दिसतो. पण तो चांगला नाही, तो चौथ्याचा जोडीदार आहे. नवव्या ओळीत परत तेच: एक नग खोल, एक सोडून पुढचा उथळ. तिसऱ्या ओळीत जोडी थोडी लहान, पण होती.

ही जोडी का पडते ते कागदावर काढून बघा. टेबल एखाद्या वेळी पूर्ण खाली बसलं नाही, समजा ३० मायक्रॉन वर राहिलं. त्या क्षणी चौथ्या स्टेशनवर असलेल्या नगात सीट ३० मायक्रॉन जास्त खोल जाणार. त्याच क्षणी दुसऱ्या स्टेशनवरच्या नगाचं तोंड ३० मायक्रॉन जास्त कापलं जाणार. हा नग पुढच्या दोन घरांनंतर चौथ्या स्टेशनवर येईल, तेव्हा टेबल नीट बसलेलं असेल आणि तोंड खाली गेल्यामुळं खोली कमी भरेल. चौथ्या स्टेशनवरचा आधी बाहेर पडतो, दुसऱ्यावरचा दोन नगांनी मागून. म्हणून आधी खोल, मग एक सोडून उथळ. दोन्हींचे आकडे सारखेच असतील असं नाही, कारण टेबल सगळीकडून सारखं उचललं जात नाही. ज्या बाजूला अडतं ती बाजू जास्त वर.

थोडक्यात, टूल, स्पिंडल, पितळ, सेटर, सगळे निर्दोष. टेबल बसत नव्हतं.

आमचं टेबल हवेवर चालतं. हवेनं उचललं जातं, फिरतं, आणि हवेच्याच दाबानं हर्थ कपलिंगवर खाली बसतं. हर्थ कपलिंग म्हणजे समोरासमोरच्या दोन कड्यांवर चेहऱ्यावर कापलेले त्रिकोणी दात, एकमेकांत घट्ट बसणारे. नीट बसलं तर फारच अचूक. कोनाचा हिशोब सांगायचा तर एक सेकंद कोन म्हणजे २५० मिमी त्रिज्येवर साधारण १.२ मायक्रॉन, आणि चांगलं कपलिंग काही सेकंदांत परत परत त्याच जागी येतं. पण दातांमध्ये केसाएवढा कण आला की सगळी अचूकता संपली. 'टेबल बसलं' असं सांगणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर आहे, पण त्याला असल्या मायक्रॉनांचं काही पडलेलं नसतं. तो मिलिमीटरचे दशांश ओळखतो. त्यामुळं कंट्रोलर हिरवा दिवा दाखवतो आणि स्पिंडल खुशाल खाली येतात.

खात्री करायला टेबलच्या कडेवर चौथ्या स्टेशनपाशी डायल लावला. नग नाहीत, स्पिंडल बंद, नुसतं इंडेक्सिंग. आठ जागांचे आठ आकडे वेगळे येणारच, टेबलची कड काही घासून काढलेली नसते. बघायचं ते, त्याच जागेचा आकडा पुढच्या फेरीत तोच येतो का. तीन फेऱ्या केल्या. सगळ्या जागा ५ मायक्रॉनच्या आत. माझा तर विरसच झाला.

आम्ही डायल काढायला निघालो तेवढ्यात ऑपरेटर पोरानं सवयीनं एअर गन उचलली आणि फिक्स्चरमधला भुसा उडवायला सुरुवात केली. टेबल तेव्हा चौथी फेरी मारत होतं. मी सुईकडंच बघत होतो. टेबल खाली आलं, सुई नेहमीच्या रेघेपाशी आली नाही, तीन रेघा अलीकडंच थांबली. पोरानं गनचा घोडा सोडला. दीड-दोन सेकंदांनी सुई हळूच सरकून आपल्या रेघेवर गेली.

परत केलं. परत तेच. मग एफआरएल युनिटच्या (हवा गाळून तिचा दाब नेमका ठेवणाऱ्या) प्रेशर गेजसमोर मोबाईल उभा करून तासाभराचं शूटिंग घेतलं. एरवी काटा ६ बारवर. एक गन चालू झाली की ५.२, मागच्या बर काढायच्या टेबलावरच्या दोन गनही चालू असतील तर ४.५ च्या खाली. आणि ते टेबल कधी सुरू होतं? पहिले क्रेट भरून मागं गेले की, म्हणजे अकराच्या सुमाराला. सकाळी सगळं छान का असायचं ते असं कळलं. उन्हाळ्यात हे जास्त का व्हायचं तेही कळलं: आमचा कंप्रेसर पत्र्याखाली, मागच्या भिंतीला. सोलापूरचा मे, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, पत्र्याखाली त्याहून जास्त. गरम हवा विरळ असते, तेवढ्याच फेऱ्यांत कंप्रेसर कमी हवा भरतो.

पण हे अर्धंच झालं. कमी दाबामुळं टेबल हलकं बसायचं ते काही सेकंदांपुरतं. मग ऑफसेट दिल्यावर अर्धा तास बरा जायचा आणि नंतर नग उलट्या बाजूला बाद व्हायचे, ते कुठून आलं? टेबल उघडल्यावर उत्तर मिळालं.

टेबल उघडताना एक काळजी घ्या. मेन बंद, हवेचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप, लाइनमधली हवा सोडलेली, आणि उचललेल्या टेबलखाली लाकडी नव्हे, लोखंडी ठोकळे. हवेच्या भरवशावर वर राहिलेल्या टेबलखाली बोटं घालू नका.

आत काय होतं? लेडेड, म्हणजे शिसं मिसळलेल्या, पितळाचा भुसा. हे पितळ कापायला मऊ, चिप तुटून तिच्या बारीक सुया होतात, रव्यासारख्या. टेबलच्या कडेला ओठाचं रबरी सील असतं, ते साध्या पडणाऱ्या चिप्स अडवतं. पण सहा बारची हवा थेट त्या ओठावर मारली तर ओठ उचलला जातो आणि सुया आत. चुंबकानं काढू म्हणाल तर पितळ चुंबकाला दाद देत नाही. खालच्या, म्हणजे न फिरणाऱ्या कड्यावर, तिसऱ्या आणि चौथ्या स्टेशनच्या बाजूला दातांच्या बुडाशी कूलंटच्या चिकट थरात भुसा बसलेला होता. एक कण पार चपटा होऊन चकाकत होता.

कण खालच्या कड्यावर चिकटला की ती एकच बाजू कायम उंच राहते. सगळे नग एकदम एका बाजूला सरकतात, हळूहळू नाही, पायरीसारखे. सेटर ऑफसेट देतो, नग मापात. मग केव्हातरी तो कण दबतो किंवा निसटतो आणि दिलेला ऑफसेट आता चुकीचा ठरतो. नग उलट्या बाजूला बाद. हाच तो आमचा 'मशीनचा मूड'.

आणि यातली खरी मेख अशी. बाद नग आला की मी ओरडायचो, "साफ ठेवा रे मशीन!" पोरगा बिचारा कामसू. तो अजून जोरात, अजून जवळून गन मारायचा. दाब अजून पडायचा, भुसा अजून आत जायचा, बाद नग वाढायचे, मी अजून ओरडायचो. जेवढी साफसफाई तेवढा बिघाड. पाच महिने त्या बिघाडाला खतपाणी मीच घालत होतो.

आता काय केलं ते. दात रॉकेल आणि नायलॉनच्या ब्रशनं धुतले, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसले. तारेचा ब्रश चुकूनही नको. मग दातांना निळा रंग लावून टेबल बसवून बघितलं, सगळ्या दातांवर खूण सारखी उमटते का. एका ठिकाणी फिकी होती, तिथं दातावर छोटी ठोकर निघाली, ती ऑइलस्टोननं अगदी हलक्या हातानं उतरवली. सील नवीन. कपलिंगच्या पोकळीत अगदी कमी दाबाची कोरडी हवा सोडायची सोय मशीनला होतीच, पण ती नळी कुणीतरी कधीतरी काढून टोक बंद केलं होतं. ती परत जोडली. आतून बाहेर हलकी हवा येत राहिली की भुसा आत शिरत नाही.

हवेच्या लाइनमध्ये टेबलसाठी वेगळी छोटी टाकी बसवली, तिच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. आता गननं लाइनचा दाब पडला तरी टाकीतली हवा मागं पळत नाही. शिवाय प्रेशर स्विच: दाब ५ च्या खाली असेल तर स्पिंडल खाली येणारच नाहीत. हे करणार असाल तर टाकीला हातानं उघडायचा ड्रेन ठेवाच. नॉन-रिटर्नमुळं मेन व्हॉल्व्ह बंद करूनही टाकीत दाब शिल्लक असतो, आणि उद्या कुणी 'हवा बंद आहे' म्हणून टेबलखाली हात घालील.

मशीनवरची एअर गन काढून टाकली. जागी दोन ब्रश आणि एक जुना व्हॅक्यूम क्लीनर. पोराला पहिला आठवडा फार जड गेला.

आता उष्णतेबद्दल, कारण आमच्या गावात काहीही बिघडलं की ऊन पुढं केलं जातं. मापाचं प्रमाण तापमान जगभर २० अंश आहे, सोलापुरात ते जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतसुद्धा पहाटेच मिळायचं. तरीही हिशोब करा. पितळ एका मीटरला एका अंशाला साधारण १९ मायक्रॉन वाढतं. आपली खोली १४ मिमी. नग गेजपेक्षा १५ अंशांनी गरम असला तरी फरक ४ मायक्रॉन. अधिक-उणे ३० च्या कामात हे कारण पुरत नाही. मशीनचा कॉलम मोठा असतो, तो ४०० मिमी धरला आणि ८ अंश तापला तर बीड (ओतीव लोखंड) ३५ मायक्रॉन वाढतं, हे मात्र दिसण्यासारखं आहे. पण दुसरं आणि चौथं युनिट बरोबरच तापतात, त्यामुळं खोलीत त्यातला थोडाच भाग उतरतो. आणि उष्णतेचा फरक उतारासारखा येतो, सावकाश, सगळ्या फिक्स्चरवर सारखा. पुठ्ठ्यावर तो लगेच ओळखू येतो. आमच्याकडे तो सकाळच्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत ८-१० मायक्रॉन निघाला. मशीन अर्धा तास रिकामं फिरवतो, आणि जेवायच्या सुट्टीत पाळीपाळीनं जेवतो, बंद करत नाही. एवढंच.

ज्यांच्याकडे सहा स्पिंडलचं बार ऑटोमॅटिक (लांब सळईतून नग कापणारं मशीन) आहे त्यांनी सहा वाट्या घ्या, तर्क तोच, फक्त पात्रं बदलतात. तिथं नगाची पकड म्हणजे स्पिंडल आणि कॉलेट (बार आवळून धरणारी कडी). दर सहावा नग आखूड असेल तर आधी त्या स्पिंडलचं फीड फिंगर (बार पुढं सरकवणारी पकड) बघा. ते सैल झालं की बार स्टॉपरपर्यंत पोचत नाही. दर सहावा लांबीला ठीक पण व्यासाला वेडावाकडा असेल तर कॉलेट किंवा त्या स्पिंडलचं बेअरिंग. सगळेच सारखे चुकत असतील तर ते स्टेशनचं टूल. नग चूटमधून पडत असतील आणि क्रम कळत नसेल तर दोन मिनिटं हातानं झेला, दुसरा उपाय नाही. नुसता ढीग मोजून काही कळत नाही.

आमच्याकडे आता आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी, पुठ्ठा मांडतात. ते काम मावशींनी स्वतःकडं घेतलंय, आणि पुठ्ठ्याला त्या 'कार्ड'च म्हणतात. गेल्या सोमवारी पाच नंबरचा रकाना लांबीत परत +२० वर आलेला दिसला, पॅड बदलून दोनच महिने झालेत. बाकीची सात पॅडं जागची हललेली नाहीत. नवीन पॅडला पाणी नीट दिलं नव्हतं की त्या फिक्स्चरची पकडच जास्त जोरात बसतेय, ते या आठवड्यात काढतोय. पॅडची कडकपणाची तपासणी करून आणायला दिलीय, आणि पाच नंबरच्या सिलिंडरचा दाब बाकीच्यांशी ताडून बघायचाय. तोवर पाच नंबरची वाटी टेबलावर वेगळी ठेवलीय, बाकीच्या सात घरी परत गेल्या.